बापाचं काम

कुंभार पिंपळगाव
९ नोव्हेंबर २०२५

कल्याण,

तू माझा फोन उचलत न्हाईस, आणि तिकडं ओडिशाच्या डोंगरात रेंजही येत न्हाई असं तुझ्या वर्गातली पोरगी म्हणते. यातलं खरं कारण कोणतं ते तुझं तुला माहीत. पत्ता तिनंच दिला, म्हणून कागद घेतला.

पोरगी म्हणजे कहकशा. तुमच्या शिक्षणात शेवटच्या वर्षी म्हणे कोणत्या तरी गावात जाऊन राहायचं, नाटक आणि व्हिडिओ घेऊन लोकांत काम करायचं. तू स्वतःच्या गावाला यायचं सोडून तिकडं गेलास, आणि जालन्याच्या या पोरीला आमच्याकडं पाठवलंस. लोक विचारतात, साहेबराव, पोरगा न्हाई आला? मी सांगतो, त्याला मोठं काम मिळालं.

ती आली तेव्हा मी अंगणात कापूस वाळत टाकून राह्यलो होतो. म्हणाली, "काका, कल्याणनं सांगितलं तुमच्याकडं एक खोली रिकामी आहे." मी काही बोलायच्या आत तुझ्या मायनं तिची पिशवी उचलून तुझ्या खोलीत नेऊन ठेवली. मला विचारलं न्हाई.

मी तिला सरळ विचारलं, "बाई, नाटकासाठी कॉलेज कशाला लागतं? आमची पोरं गणपतीत करतातच की." ती रागावली न्हाई. म्हणाली, "गणपतीत लोक नाटक बघतात आणि घरी जातात, काका. घरी जायच्या आधी त्यांना त्या नाटकात शिरता आलं तर काय होतं, ते आम्ही शिकतो." मला काही उमगलं न्हाई. गावाचा विकास म्हणजे रस्ता आणि पाणी, एवढंच मला माहीत. तू तलाठ्याची परीक्षा सोडून या नादी लागलास तेव्हा तुझ्या मामांसमोर मी जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पुन्हा लिहीत न्हाई. बाप होतो, बोललो.

काल समाजमंदिरात तिनं पहिली बैठक घेतली. आठ-दहा बाया, चार बाप्ये. तोंडानं बोलायचं न्हाई, म्हणाली. संध्याकाळी तुमच्या घरात कोण कुठं असतं ते नुसतं उभं राहून दाखवा. आपला रामप्रसाद, शेजारचा, तिथंच सतरंजीवर आडवा झाला. लोक लई हसले. मंग मुनीर टेलरची बायको रजिया उठली आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राह्यली, एक पाय आत, एक बाहेर. कहकशानं विचारलं, "ही आत आहे का बाहेर?" मी तिकडून चाललो होतो म्हणून बघितलं. आत गेलो न्हाई.

पावसानं सोयाबीन नेलं, कापूस थोडा हाती लागला. तुझी ताई दिवाळीला आल्ती, अजून आहे. राहील चार दिवस.

नाना


२३ नोव्हेंबर

कल्याण,

उत्तर आलं न्हाई. येईल असं धरलंही नव्हतं.

मी नाटकात आहे. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो. झालं असं, की कहकशाला मोठ्या आवाजाचा माणूस पाहिजे होता. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, आवाजाला काय कमी? रामप्रसाद मधल्या माणसाचं काम करतो, सोयरीक जमवणारा. रजिया लेकीचं करते. मला बापाचं काम दिलं.

गोष्ट बायांनीच जुळवली. कहकशानं त्यांना बसवलं, जिनं तिनं आपलं किंवा ऐकलेलं सांगितलं, नावं कोणी घेतली न्हाईत. त्यातून एक गोष्ट निघाली. लेक सासरहून निघून माहेरी येते. मार खाऊन आलेली असते. बाप चार दिवस ठेवतो, मंग समजूत काढून परत पाठवतो. एवढंच नाटक. पंधरा मिनिटांत संपतं. आणि खरा खेळ तिथून पुढं. तेच नाटक पुन्हा सुरू करायचं, आणि बघणाऱ्यांतल्या कोणीही "थांबा" म्हणायचं. ज्यानं थांबवलं त्यानं उठून यायचं, लेकीच्या जागी उभं राहायचं आणि बापाला वळवून दाखवायचं. मी वळायचं न्हाई. कहकशा म्हणते, "काका, खरा बाप जेवढा अडेल तेवढंच अडायचं. जास्त न्हाई, कमी न्हाई."

मला वाटलं पाठांतर जड जाईल. बिलकुल न्हाई गेलं. सगळे म्हणाले, साहेबराव, तुम्ही तर जन्माचे नट. मी तुझ्या मायला सांगितलं. ती भाकरी थापून राह्यली होती. म्हणाली, "बराबर बोलता तुम्ही. तुम्हाला पाठ कुठं करायचं हाय?" आणि भाकरी उलटली.

ताई अजून इथंच आहे. आपले जावई परमेश्वरराव अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवर असतात, सीझन सुरू झाला, त्यांना न्यायला यायला फुरसत न्हाई. तिच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे. मोटारसायकलवरून पडली असं परमेश्वरराव म्हणाले. तिचा फोनही त्यातच फुटला. म्हणून तुला लावला नसेल. तू महिन्याला रामप्रसादच्या फोनवर मायशी बोलतोस, तेव्हा ती यातलं काही बोलली नसेल, कारण मीच तिला सांगितलं होतं, पोराचं शिक्षण चालू आहे, त्याच्या डोक्याला ताप नको.

काळजी करू नको.

नाना


७ डिसेंबर

कल्याण,

मागच्या दोन्ही कागदांत मी बराबर लिहिलं न्हाई. आज लिहितो.

ताई दिवाळीला आल्ती हे खोटं आहे. ती नागपंचमीलाच आल्ती. एकटी, पहिल्या गाडीनं, अंगावरच्या लुगड्यावर. तेव्हा हाताला प्लास्टर नव्हतं. आठ दिवस राह्यली, आणि मी तिला समजावून परत नेऊन घातली. परमेश्वररावांना दोन शब्द सांगितले, त्यांनी मान डोलावली, चहा झाला, मी परत आलो. दसऱ्यानंतर ती पुन्हा आली. ते प्लास्टर त्या दुसऱ्या येण्याचं आहे. मोटारसायकल कुठली? पण जावयानं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं, कारण दुसरं काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता पुढच्या रविवारी, चौदा तारखेला, परमेश्वरराव आणि त्यांचे चुलते चार माणसं घेऊन बैठकीला येणार आहेत. मी शब्द दिलाय, पोरगी पाठवतो म्हणून. गावात सगळ्यांना माहीत आहे. कहकशालाही. ती तुझ्या खोलीत ताईसोबतच झोपते, तिला कसं माहीत नसणार? मी तिला म्हणालो, "बाई, कल्याणला यातलं कळवू नको." म्हणाली, "मी न्हाई कळवत. ते तुमचं आहे, तुम्हीच कळवा." त्यावर मी आठ दिवस तिच्याशी बोललो न्हाई, आणि तालमीला मात्र रोज गेलो.

बुधवारी काय झालं ते सांगतो. कहकशानं बायांना आपला फोन देऊन ठेवला होता. गावानं काय बघावं असं तुम्हाला वाटतं ते शूट करा, म्हणाली. कोणी तुंबलेली नाली शूट केली, कोणी अंगणवाडीचा फुटका पत्रा. समाजमंदिराच्या भिंतीवर सगळं मोठं करून दाखवलं. मंग ताईचं आलं.

गोठा दिसला. आपलाच. आणि मी. मी तिथं एकटा माझं काम घोटून राह्यलो होतो, समोर म्हैस. "भांडण कोणाच्या घरात होत न्हाई? भांड्याला भांडं लागणारच. आज तू इथं बसलीस तर उद्या लोक माझ्या तोंडावर काय म्हणतील?" हात वर करून करून सांगत होतो. म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत होती. सगळं समाजमंदिर हसून लोटपोट. मीही हसलो. लई हसलो. मंग भिंतीवरचा तो माणूस पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला आणि माझं हसू थांबलं. हीच वाक्यं मी पंचमीला स्वयंपाकघरात उभं राहून बोललो होतो, असाच हात वर करून. तेव्हा समोर ताई होती.

ती मागं बायांत बसलेली होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. व्हिडिओ बराबर दिसला का न्हाई ते बघून राह्यली होती.

नाटक बाजारच्या दिवशी आहे, बैठकीच्या आधी. मी कहकशाला म्हणालो, माझं काम रामप्रसादला दे. ती म्हणाली, "देते. पण मंग सांगा, तुम्हाला लोकांची भीती वाटते का त्या बापाची?" मी काम सोडलं न्हाई. तुमच्या कॉलेजात हे असं बोलायला शिकवतात का?

नाना


१६ डिसेंबर

कल्याण,

जसं झालं तसं लिहितो. मध्ये कोणाला दोष देत न्हाई.

बाजार उठायच्या वेळी मैदानात नाटक झालं. पिशव्या घेऊन माणसं उभी, बाया ओट्यावर. पहिल्यांदा नाटक सरळ झालं, मी लेकीला पाठवून दिलं, लोकांनी टाळ्या दिल्या. मंग कहकशानं नेम समजावून सांगितला आणि पुन्हा सुरू केलं.

पहिली उठली ती शाळेतली एक मॅडम. तिनं मला कायदा सांगितला. मी म्हणालो, "कायदा तुझ्या धाकट्या भावाला बायको देणार आहे का?" टाळ्या. दुसरी एक म्हातारी, ती नुसती पाया पडली. मी तिला उठवून म्हणालो, "सगळं बरं होईल, बाई." तिसरी जिद्दीची होती, म्हणाली, मी मजुरी करून खाईन. मी म्हणालो, "आणि माझ्या इज्जतीला काय खाऊ घालशील?" मैदान दणाणून गेलं. खरं सांगतो, मला मजा येऊन राह्यली होती. मी कोणालाच हार गेलो नव्हतो.

आणि मागून आवाज आला, "थांबा."

ताई बायांतून वाट काढत आली. प्लास्टरचा हात पदराखाली होता, तो तिनं बाहेर काढला. रजिया बाजूला झाली. मला वाटलं आता ही रडणार, भांडणार, सगळ्यांसमोर माझं काढणार. मी उत्तरं तयार ठेवली.

ती म्हणाली, "नाना, मी जाते परत."

लोकांत कुजबुज झाली. कहकशाही गोंधळली.

"जाते. फक्त तुम्ही सोबत चला. आठ दिवस तिथं राहा."

मी म्हणालो, "लेकीच्या घरी बाप राहत असतो का?"

"घरात नका येऊ. ओट्यावर बसा. काही बोलू नका, मध्ये पडू नका. नुसतं ऐका. आठ दिवस ऐकून तुम्ही म्हणालात राहा, तर मी जन्मभर राहीन."

मी कहकशाकडं बघितलं, तिनं खाली मान घातली. लोक वाट बघून राह्यले होते. माझ्या तोंडून निघालं, "मला न्हाई ऐकवणार, बाई."

ताई म्हणाली, "तुम्हाला ऐकवत न्हाई, मंग मला पाठवता कसं?"

मी डोक्याचा फेटा काढून खाली ठेवला आणि मैदानातून निघालो. नाटक तिथंच मोडलं. रामप्रसाद मागून येऊन ओरडला, "घरातली गोष्ट बाजारात मांडली, साहेबराव! दोन पोरींनी मिळून नाचवलं तुम्हाला!" तेव्हापासून तो आपल्याकडं येत न्हाई. पुढच्या महिन्यात मायला फोन करायचा तर माझ्या नंबरवर कर.

तुला वाटेल, इथं तुझा बाप बदलला. तसं न्हाई झालं. रविवारी बैठकीला माणसं आली. परमेश्वरराव खाली बघून बसलेले. चुलते म्हणाले, "साहेबराव, तुम्ही शब्द दिलेला आहे." आणि मी, मैदानात तसं सगळं होऊनही, म्हणालो, "हात बरा होऊ द्या, मंग बघू." असंच म्हणालो. जीभ वळली तिकडं वळली.

चुलत्यांना तेवढं पुरलं. ते म्हणाले, "हात आमच्याकडंही बरा होईल. आणि आधी ती नाटकवाली घराबाहेर काढा. कोणाची कोण पोरगी घरात ठेवून घेता, तीच शिकवते हे."

तेव्हा तुझी माय बाहेर आली. आपल्या घरात इतक्या बैठका झाल्या, ती कधी उंबरा ओलांडून आल्ती का? पदर खोचून मधोमध उभी राह्यली. म्हणाली, "ती पोरगी माझ्या हातची भाकरी खाते. तुमच्या पोरानं माझ्या पोरीचा हात मोडला. कोणाला बाहेर काढू?"

परमेश्वरराव पहिल्यांदा बोलले, "मामी, ती पडली होती."

"पडली होती," ताई दारातून म्हणाली. "तुम्ही ढकलल्यावर."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मंग मी म्हणालो, "शब्द मी दिला होता. मीच परत घेतो. पोरगी येणार न्हाई." आवाज माझा लई बारीक निघाला. चुलत्यांना ऐकू गेला न्हाई. त्यांनी "काय?" विचारलं, म्हणून पुन्हा एकदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा बरा निघाला.

चहा तसाच राह्यला. ते उठून गेले.

काल ताई तक्रार द्यायला ठाण्यात गेली. कहकशा सोबत होती, मीही गेलो. तिनं सगळं सांगितलं, मी शेजारी बसून ऐकलं. मध्ये एकदा मला बाहेर जावंसं वाटलं, गेलो न्हाई. साहेबांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही कोण?"

"बाप," म्हणालो.

नाना


१८ जानेवारी २०२६

कल्याण,

तुझे दोन फोन आले. पहिल्यांदा तू ताईशी अर्धा तास बोललास आणि मंग म्हणालास, नानाकडं दे. तिनं सांगितलं, नाना गोठ्यात गेले. मी गोठ्यात नव्हतो, तिथंच खांबाला टेकून उभा होतो. मीच तिला हातानं खुणावलं. तुझा आवाज ऐकून मला काय बोलावं ते सुचलं नसतं. दुसऱ्या वेळी मायकडून घेतला, तर तू "नाना" म्हणालास आणि मी "जेवलास का" म्हणालो आणि रेंज गेली. रेंज खरंच गेली होती. म्हणून हा कागद.

ताईचं प्लास्टर निघालं. मूठ अजून पूर्ण वळत न्हाई, डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. तिकडून वकिलाची नोटीस आली, तारखा पडतील, वेळ लागेल. गावात दोन्ही बाजूंनी बोलतात. मुनीरच्या दुकानात बसलो की काही माणसं उठून जातात. मुनीर म्हणतो, "जाने दो साहेबराव, पैंट शिवायला येतीलच." ताई आता कहकशाचा फोन घेऊन गावोगावी शूटिंग करते. कहकशा म्हणते, हिची नजर चांगली आहे, तुमच्या कॉलेजात अर्ज करायला लावते. ताई म्हणते, आधी बारावी देते. मी मध्ये बोललो न्हाई.

तुझं तिथलं काम मार्चमध्ये संपतं असं ती म्हणते. संपलं की ये. मामांसमोर मी जे बोललो होतो, ते मामांना बोलावून त्यांच्यासमोरच परत घेईन. कागदावर परत घेतलेलं काही खरं न्हाई.

नाटक मी सोडलं न्हाई. वाटलं होतं आता जमणार न्हाई. पहिल्यापेक्षा अवघड जातं हे खरं. तीच वाक्यं तोंडात आली की जिभेला जड लागतात. कहकशा मागून म्हणते, "काका, तुम्ही जल्दी वळून राह्यले. अडा." मंग अडतो. आडमुठा बाप दिसला पाहिजे, न्हाई तर लोक उठतील कशाला?

परवा अंतरवाली सराटीला खेळ होता. चौकात, चहाच्या टपऱ्यांसमोर. नाटक एकदा झालं, पुन्हा सुरू केलं, आणि मी रजियाला म्हणालो, "भांडण कोणाच्या घरात होत न्हाई?" तेवढ्यात एक जण उठला. माझ्याच वयाचा, धोतर, पायात माती, शेतातून सरळ आलेला. "थांबा," म्हणाला.

कहकशा पुढं झाली. "या बाबा. लेकीच्या जागी या."

तो म्हणाला, "लेकीनं काय करायचं बाई? ती बराबरच बोलून राह्यली. मला ह्याच्या जागी जायचंय." आणि माझ्याकडं बोट केलं.

असा नेम न्हाई. बदलायचं ते ज्याच्यावर जुलूम होतो त्यानं, जो करतो त्याला बदलून चालत न्हाई, घरी जाऊन कोणाचा बाप असा आपोआप बदलत न्हाई, हे कहकशानं आम्हाला पहिल्या दिवशीच समजावून सांगितलेलं आहे. ती माझ्याकडं बघायला लागली. मी फेटा काढून त्या माणसाच्या हातात दिला.

तो माझ्या जागी बसला. फेटा त्याला जरा ढिला झाला. समोर रजिया उभी. त्यानं दोनदा घसा साफ केला. जमिनीकडं बघितलं. मंग रजियाकडं मान वर करून हळूच विचारलं, "लई मारलं का गं?"

रजियानं इतक्या गावांत इतक्या लोकांना फटाफट उत्तरं दिलेली आहेत. इथं मात्र ती खाली बसली. त्या माणसानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसून राह्यला. कहकशा "पुढं चला" म्हणाली न्हाई.

मला कुठं उभं राहावं ते कळेना. नाटकात माझी जागा उरली नव्हती. मी बघणाऱ्यांकडं आलो. ताई तिथं जमिनीवर बसून शूटिंग करून राह्यली होती. तिनं फोन हलू न देता, माझ्याकडं न बघता, थोडं सरकून शेजारी जागा केली. मी बसलो.

नाना